मूळ ‘रिंगू’ भारी की २००२ चा ‘द रिंग’? (दोन्ही पाहिले नसतील तर पुढे वाचू नका, शेवट फुटेल)

मांडवीकाठ

इफ्फी (गोव्यातला चित्रपट महोत्सव) जवळ आला की आमच्या पणजीच्या कंपूत जुने वाद उकरले जातात. यंदा भयपटांवरून जुंपली. एका मित्राच्या मते हिदेओ नाकाताचा जपानी ‘रिंगू’ (१९९८) म्हणजे त्यापुढे काही नाही, आणि गोर व्हर्बिन्स्कीचा ‘द रिंग’ (२००२) म्हणजे हॉलिवूडने पैसे ओतून केलेली नक्कल. मी दोन्ही लागोपाठ पाहिले. मला काही हे पटत नाही.

कथा दोन्हीकडे तीच, कोजी सुझुकीच्या १९९१ च्या कादंबरीतली. एक व्हिडिओ कॅसेट. ती पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी माणूस मरतो. एक पत्रकार बाई तपासाला लागते, कॅसेट तिच्या मुलाच्या बापापर्यंत जाते, मग मुलापर्यंत. प्रश्न असा की हा तपास होतो कसा?

‘रिंगू’मध्ये मुलाच्या बापाला, र्यूजीला, अतींद्रिय शक्ती आहे. त्यामुळे गाडं अडलं की कुणाला तरी काहीतरी ‘दिसतं’. ओशिमा बेटावर म्हाताऱ्याला धरलं, जुना प्रसंग दिसला. विहिरीपाशी पोचले, खून कसा झाला ते दिसलं. अरे, मग तपास कशाला म्हणायचं? रिमेकमधली रेचल कॅसेट पुन्हा पुन्हा फिरवते, चित्राची कड सरकवते तेव्हा तिला दीपगृह सापडतं. दीपगृहावरून बेट, बेटावरून घोड्यांच्या मृत्यूच्या बातम्या, तिथून इस्पितळातली कागदपत्रं. बाई पत्रकार आहे आणि पत्रकारासारखी वागते. तिच्याबरोबर मीही शोधत होतो.

माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. ‘रिंगू’चा दबदबा भूत टीव्हीतून बाहेर येण्याच्या एका प्रसंगावर उभा आहे. तो प्रसंग काढला तर उरतो तो ठीकठाक चित्रपट. मारा मला.

रातकिडा

मारत नाही, उलट मोठ्ठं अनुमोदन! मी रिमेक शाळेत असताना केबलवर हिंदीत पाहिला होता आणि रात्री बाथरूमला जायची हिंमत नव्हती. ‘रिंगू’ कॉलेजात गेल्यावर पाहिला, खूप ऐकलं होतं म्हणून. अर्धा तास झाला तरी माणसं नुसती बोलतायत. रिमेकमधलं भूत, समारा, पडद्यातून बाहेर येते तेव्हा ती मधेच लुकलुकते, सिग्नल गेल्यासारखी. म्हणजे ती खोलीत आली तरी अजून टीव्हीच आहे! ही कल्पना मूळ चित्रपटात कुठे आहे?

आणि रिमेकमधली ती कपाटातली मेलेली मुलगी. एका सेकंदापुरता तो चेहरा दिसतो. रिक बेकरची रंगभूषा आहे ती. आठवलं तरी नको वाटतं.

सुशेगाद_वाचक

रातकिडा, तू स्वतःच उत्तर देऊन बसला आहेस. आधी रिमेक, मग मूळ. गोष्ट माहीत झाली, भुताची चाल माहीत झाली, आता ‘रिंगू’ तुला नवीन काय देणार? आमच्या पिढीतले बहुतेक लोक याच क्रमाने गेले. यात तुमचा दोष नाही. ड्रीमवर्क्सने रिमेकचे हक्क घेतले आणि मूळ चित्रपट अमेरिकेत डीव्हीडीवर आणला तो थेट २००३ मध्ये, रिमेक गाजून गेल्यावर. आपल्याकडे तर तो कुणाच्या तरी सीडीवरून सीडीवर उतरवलेला, खालची इंग्रजी अक्षरं अर्धी कापलेली, असाच फिरत होता. कॅसेटची कॉपी काढून पुढे द्यायची हे कथानक असलेला चित्रपट असाच बघायला मिळावा, हा योगायोग सोडा.

जपानी प्रेक्षकाने १९९८ च्या जानेवारीत तो थिएटरात पाहिला तेव्हा त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. विहिरीतला सांगाडा सापडला, सादाकोच्या भुताला शांती मिळाली, पत्रकार रेको वाचली. भुताची गोष्ट इथे संपते, शेकडो वर्षं इथेच संपत आली आहे. प्रेक्षक उठायच्या तयारीत, आणि र्यूजीच्या घरातला टीव्ही आपोआप लागतो. त्या थिएटरात काय झालं असेल याचा विचार करून बघा. ‘एक प्रसंग काढला तर’ असं धागाकर्ते म्हणतात, पण आधीचा सगळा चित्रपट त्या प्रसंगाची फसवणूक नीट जमावी म्हणूनच संथ चालतो. तो काढता येत नाही.

रातकिडा

पण काका, रिमेकमध्येही हाच क्रम आहे की. तिथेही शांती मिळाली असं वाटतं आणि मग टीव्ही लागतो.

सुशेगाद_वाचक

आहे ना. उसनी घेतलेली फसवणूक आहे ती. श्रेय कुणाला द्यायचं एवढाच मुद्दा.

कुळागर

मला सिनेमातलं फार कळत नाही, विहिरीतलं कळतं. आमचं घर सत्तरीत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बांय (विहीर) उपसायची, गाळ काढायचा. दरवर्षी नाही, पण काढावा लागतो. त्यामुळे या दोन चित्रपटांपैकी कुठल्या दिग्दर्शकाला विहीर ठाऊक आहे ते मी सांगू शकतो.

‘रिंगू’मध्ये र्यूजी खाली उतरतो आणि बादल्या भरतो. रेको वर उभी राहून दोर ओढते. एक बादली, दुसरी बादली, ओतायची, परत सोडायची. बाहेर अंधार पडत चाललाय आणि तिचा सातवा दिवस संपत आलाय. हे किती वेळ चालतं बघा. ती थकून कोसळते, तो वर येऊन तिला थोबाडीत मारतो, आणि मग ती खाली उतरते, तो वर ओढतो. ज्याने कधी दोर ओढलाय त्याला कळेल, पहिल्या दहा बादल्यांना काही वाटत नाही. नंतर तळवे सोलवटतात. मग खांदे ऐकत नाहीत आणि बादली निम्म्यावरून खाली जाते. भुताची भीती वगैरे तेव्हा आठवत नाही, चिडचिड होते फक्त. रेकोच्या चेहऱ्यावर नेमकी तीच चिडचिड आहे. मरायला काही मिनिटं उरली असताना बाई घाण पाणी उपसतेय, याच्याइतकं खरं मी भयपटात काही पाहिलं नाही.

रिमेकमध्ये काय? जमीन फोडतात, टीव्ही आपोआप घसरत येतो, रेचलला धक्का लागतो आणि ती विहिरीत पडते. एवढ्या उंचीवरून पडून हातपाय शाबूत. खाली गेल्यावर मुलगी स्वतःहून वर तरंगत येते. काहीही उपसावं लागत नाही. सगळं काम भूतच करतं.

एक मात्र मान्य. खालून वर पाहिलं की झाकणाच्या कडेने उजेडाची गोल रेघ दिसते, आणि तीच ती ‘रिंग’. विहिरीत उतरलेल्याला वर आभाळाचा तेवढा गोल दिसतो, बाकी काही नाही. हे त्यांनी बरोबर पकडलं.

मांडवीकाठ

कुळागर, बाब, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याची कमाई आहे. विहिरीचा मुद्दा बिनशर्त मान्य. तरी माझा मुद्दा विहिरीपर्यंत पोचण्याच्या रस्त्याचा होता. ती विहीर सापडते कशी? र्यूजीला जाणवतं म्हणून. विहीर खरी, वाट खोटी.

फोंडा_एक्सप्रेस

धागाकर्त्यांनी अतींद्रिय शक्ती हा लेखकाचा आळस ठरवून टाकलाय, तिथे थोडं थांबूया. जपानी प्रेक्षकाला त्या भागात एक खरा इतिहास दिसतो. १९१० च्या सुमारास टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठात तोमोकिची फुकुराई नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. चिझुको मिफुने नावाच्या बाईला बंद लिफाफ्यातलं वाचता येतं असा त्यांचा दावा. शास्त्रज्ञांसमोर, पत्रकारांसमोर प्रयोग झाले, भोंदूगिरीचे आरोप झाले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. १९११ च्या जानेवारीत तिने विष घेतलं. फुकुराईंनी पुढे मनातलं चित्र थेट फोटोच्या काचेवर उमटवण्याचे प्रयोग केले, आणि त्या प्रयोगांतल्या एका बाईचं नाव होतं सादाको.

आता ‘रिंगू’तला प्रयोगाचा प्रसंग परत बघा. सादाकोची आई शिझुको व्यासपीठावर, समोर पत्रकार ओरडतायत की ही फसवणूक आहे. पुढे ती मिहारा ज्वालामुखीच्या तोंडात उडी घेते. तो मिहाराही खरा, ओशिमा बेटावरचाच, आणि १९३० च्या दशकात आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध झालेला. कॅसेटवर मनातलं चित्र उमटणं म्हणजे फुकुराईंच्या काचेचीच पुढची पायरी. शिवाय विहिरीत टाकलेल्या बाईचं भूत तिकडे फार जुनं आहे. ओकिकू नावाच्या मोलकरणीची गोष्ट घ्या, विहिरीतून रोज रात्री थाळ्या मोजणारी.

रिमेकला अमेरिकेत हा इतिहास कुठून मिळणार? म्हणून त्यांनी घोडे आणले. बोटीवर बिथरून समुद्रात उडी घेणाऱ्या घोड्याचा प्रसंग मला स्वतःला फार आवडतो, अख्ख्या रिमेकमधला सगळ्यात अस्सल तोच. पण घोडे का बिथरले, समारा आली कुठून, हे विचारत गेलं की हाती काही लागत नाही.

रातकिडा

हे माहीत असल्यावर चित्रपट चांगला वाटतो, कबूल. पण माहीत नसताना वाटला नाही तर तो प्रेक्षकाचा दोष कसा? मला डिचोलीत बसून टोकियोच्या प्राध्यापकाचं नाव माहीत असायला हवं का?

फोंडा_एक्सप्रेस

नको. तुला घोड्यांच्या पैदाशीबद्दलही काही माहीत नव्हतं, तरी ते चाललं की!

पडवीतली_खुर्ची

चालीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. मी हौशी नाटकवाला, कला अकादमीच्या स्पर्धेत दोनदा भूत झालोय (एकदा संहितेप्रमाणे, एकदा पाठांतर विसरल्यामुळे). रंगमंचावर भूत चालवणं महाकठीण. हळू चाललं की आजारी दिसतं, भराभर चाललं की हसू येतं.

सादाकोचं काम रिए इनो या नटीने केलंय, काबुकी या जपानी नाट्यप्रकाराचं शिक्षण घेतलेली. नाकाताने तिला उलटं चालायला लावलं आणि चित्रीकरण उलटं फिरवलं. त्यामुळे प्रत्येक पावलात वजन चुकीच्या वेळी पडतं. आपण बघताना ‘हे उलटं आहे’ असं ओळखत नाही, पण शरीराला कळतं की असं कुणी चालत नाही. ही सगळी करामत एका नटीच्या अंगातली. शेवटी केसांआडून एकच डोळा दाखवला, आणि तोही तिचा नाही. कर्मचाऱ्यांतल्या एका पुरुषाच्या पापण्या उपटून त्याच्या डोळ्याचं चित्रण केलं! खर्च किती आला असेल? रिमेकला चार कोटी ऐंशी लाख डॉलर लागले. समाराचा पूर्ण चेहरा दाखवला, त्यावर रंगभूषा चढवली, वरून संगणकाने लुकलुक घातली. चेहरा दिसला की माझी भीती संपते. अरे ही तर बारकी पोर आहे, असं होतं.

सुशेगाद_वाचक

+१. आणि केनजी कावाईचं पार्श्वसंगीत. ते संगीत वाटतच नाही, कुठेतरी धातू घासल्यासारखं. रातकिडा, तू मोबाइलवर बघितला असशील तर इअरफोन लावून परत बघ.

रातकिडा

लॅपटॉपवर. पण हो, आवाज बारीक होता, घरचे झोपले होते.

तांबडी_माती

तुम्ही सगळे टीव्ही, विहीर, डोळा यांत रमलात. मला ‘रिंगू’ मोठा वाटतो तो शेवटच्या दोन मिनिटांसाठी, आणि तिथे एकही भूत नाही.

आधी एक आठवण. लहानपणी म्हापशाच्या आमच्या घरी संतोषी मातेच्या नावाची पोस्टकार्डं यायची. एवढ्या प्रती लिहून वाटा. ज्याने वाटल्या त्याला धन मिळालं, ज्याने फाडलं त्याच्या घरी अमुक झालं. आई ती चुलीत घालायची. आजी मात्र माडीवर बसून चोरून लिहायची. कुणाला पाठवायची? ज्यांच्याशी आमचं वाकडं होतं त्या घरांना. आम्ही हसायचो, पण आजीचा हिशेब पक्का होता: बला टळायची असेल तर ती कुणाच्या तरी दारात जायलाच हवी.

कॅसेटचा शापही तोच. कॉपी काढा, दुसऱ्याला दाखवा, तुम्ही सुटलात. रेकोला हे उमगतं, आणि तिच्या मुलाने कॅसेट पाहिलेली आहे. आता मुलाने ती दुसऱ्या कुणाला दाखवायची? ती व्हीसीआर गाडीत टाकते आणि निघते ते स्वतःच्या वडिलांकडे. आपल्या बापाकडे! याच आजोबांकडे मुलाला सुट्टीत ठेवलेलं होतं, नातू त्यांच्याबरोबर मासे धरत होता. तिच्या डोळ्यात पाणी नाही, हात थरथरत नाहीत. गाडी सरळ रस्त्याने जाते, समोर आभाळ भरून आलंय.

रिमेकमध्ये रेचल मुलाचा हात धरून कॉपी काढायला शिकवते. मुलगा विचारतो, आपण ज्याला दाखवू त्याचं काय? ती गप्प बसते, चित्रपट संपतो. प्रश्न चांगला आहे, पण तो ‘कुणीतरी’ कोण? नाव नाही, चेहरा नाही. प्रेक्षक घरी जाऊन आरामात झोपू शकतो. नाकाताने तुम्हाला त्या माणसाच्या अंगणात आधीच नेऊन आणलेलं असतं.

रच्याकने (जाता जाता), कादंबरीचा नायक पुरुष आहे, बायको-मुलगी असलेला. एकट्या आईची गोष्ट केली ती पटकथाकार हिरोशी ताकाहाशी आणि नाकाताने, आणि रिमेकने ती जशीच्या तशी उचलली. उचलताना आजोबा तेवढे गाळले.

कुळागर

हे वाचून खूप वेळ काही लिहिलंच नाही.

रातकिडा

ताई, मुद्दा कडक आहे. तरी मी रिमेकच्या बाजूने अजून एक बोलतो. तिथे मुलगाच विचारतो. ज्याला वाचवायचंय तोच आईला गुन्ह्याबद्दल विचारतोय. ‘रिंगू’तला मुलगा योइची शेवटी नुसता वाचवला जातो. रिमेकमधला एडन या पापात सामील होतो, त्याच्या हातून बटण दाबलं जातं. मला ते जास्त लागलं. शिवाय रिमेक नसता तर आपण इथे हा वाद तरी घातला असता का? २४ कोटी डॉलरहून जास्त कमावले त्याने, म्हणून पुढे ‘द ग्रज’, ‘डार्क वॉटर’, ‘पल्स’ अशी रांग लागली आणि लोक मूळ जपानी चित्रपट शोधायला लागले.

सुशेगाद_वाचक

त्या रांगेतले किती परत बघवतात ते सांग. आणि गंमत म्हणजे ‘द रिंग’चा दुसरा भाग (२००५) खुद्द नाकाताने केला. पैसा होता, तीच नटी होती, तोच दिग्दर्शक. हरणांचा प्रसंग सोडला तर मला काहीही आठवत नाही.

पडवीतली_खुर्ची

म्हणजे ‘रिंगू’ हा एकट्या नाकाताचा चमत्कार नव्हता, ताकाहाशीची पटकथाही तेवढीच जबाबदार. दिग्दर्शकाच्या नावाने आरती ओवाळणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मांडवीकाठ

मधल्या भागाबद्दल मी हटत नाही. फुकुराईंचा इतिहास भारी आहे, पण तो चित्रपटात कुणी शोधून काढत नाही, कुणाला तरी झटका येऊन दिसतो. तपास रिमेकचाच सरस. रेचलबरोबर मी बेटावर गेलो, रेकोबरोबर मला नेण्यात आलं.

मात्र दबदबा एकाच प्रसंगावर उभा आहे असं आता म्हणवत नाही. विहीर, चाल आणि आजोबा, हे तिन्ही रिमेकला जमलेले नाहीत. टीव्हीचा प्रसंग बरोबरीत सोडवतो, कारण लुकलुकणारी समारा मलाही आवडते. पडवी, चेहरा दाखवायला नको होता हे मात्र खरंच.

तांबडी_माती, एक विचारायचं होतं. रेकोने वडिलांना सगळं सांगून कॅसेट दाखवली असेल का? खरं सांगितलं तर एखादा आजोबा स्वतःच म्हणेल, आण इकडे, माझं आयुष्य झालंय जगून. मग ते पाप उरत नाही.

कुळागर

आमचे वडील असेच म्हणाले असते. वर पुढे कुणालाही न दाखवता सातव्या दिवशी जेवून झोपले असते.

फोंडा_एक्सप्रेस

हाच तर शापाचा एकमेव उतारा आहे की राव! कुणीतरी एकाने पुढे पाठवायचं नाही. दोन्ही चित्रपटांत एकालाही सुचत नाही.

तांबडी_माती

सुचतं, पण स्वतःचं पोर मधे असलं की सुचूनही उपयोग नसतो.

मांडवीकाठ, सांगितलं असेल असं मला वाटत नाही. वडिलांना ती कळवते ते एवढंच, की निघालेय, एक काम आहे, मुलासाठी. कसलं काम ते नाही. सांगायचंच असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. नातवासाठी म्हटल्यावर आजोबा कशालाच नाही म्हणणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे, शेजाऱ्याला किंवा ऑफिसातल्या कुणाला सतरा प्रश्न पडले असते. तिने बाप निवडला तो याच हिशेबाने.